सुतळीच्या तीन घड्या

राम राम मंडळी. आज सुरांच्या हिशोबाबद्दल बोलू, पण घाबरू नका, पाटी-पेन्सिल लागत नाही, घरातल्या सुतळीवर भागतं.

आमच्या भजनी मंडळात एक एकतारीवाले आबा होते. शिक्षण चौथी. मी नुकताच बारावी सायन्स झालेलो, म्हणजे मला सगळंच येत होतं! एका रात्री मारुतीच्या पारावर भजन आटोपलं तसं मी विचारलं, आबा, पंचम, म्हणजे सारेगमपमधला प, तारेवर नेमका कुठं असतो हो? आबा बोलले नाहीत, पोत्याची सुतळी काढली, एकतारीच्या घोडीपासून, म्हणजे तार ज्या खालच्या पट्टीवर टेकते तिथून, वर जिथं तार टेकते तिथवर लावून तोडली, तिच्या तीन सारख्या घड्या केल्या अन् घोडीपासून दोन घड्यांवर तार अंगठ्यानं दाबून छेडली. पंचम! मग सुतळी मधोमध दुमडली, निम्म्यावर दाबलं, वरचा सा. चार घड्या केल्या, तीन घड्यांवर मध्यम, म्हणजे म. म्हणे, "वावराची हिस्सेवाटणी असते ना बापू, तशीच हे तारेची, फक्त इथं भाऊ-भाऊ कोर्टात जात नाही."

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. तार 36 इंच. पंचम 24 वर, मध्यम 27 वर, वरचा सा 18 वर. पुन्हा सांगतो, निम्म्यावर सा, दोन तृतीयांशावर पंचम. हा हिशोब तिकडं पायथागोरसच्या नावावर सांगतात, अन् आपल्याकडं सतराव्या शतकात अहोबल पंडितानं तारेच्या लांबीवरच स्वर मांडले.

आता पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं दुखणं. सा सेकंदाला 240 कंपनांचा धरला तर पंचम दीडपट, म्हणजे 360, अन् गंधार, म्हणजे ग, सवापट, म्हणजे 300. पेटीत मात्र सप्तकाचे, म्हणजे सा पासून दुप्पट कंपनांच्या वरच्या सा पर्यंतच्या अंतराचे, 12 सारखे टप्पे पाडलेत, त्यात पंचम जवळपास बसतो पण गंधार 302 च्या वर चढतो. असं का, तर पंचमानं पंचम 12 वेळा चढलं की बरोबर 7 सप्तकं व्हायला पाहिजेत, पण दीडपट 12 वेळा केली की 129.75 येतात अन् दुप्पट 7 वेळा केली की 128. मेळच बसत नाही, मग फरक सगळ्यांत वाटून टाकला.

पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, सापडत नाहीत म्हणून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदीच घातली, ती 1971 मध्ये सैल झाली. मला विचाराल तर ते जरा जास्तच झालं, पेटीशिवाय गावातलं भजन उभं राहते का? बंदी घालायचीच तर लग्नातल्या डीजेवर घाला, म्हशी आटतात हो.

आबा काही बंदीच्या भानगडीत पडले नाहीत. भजनात गंधार आला की पेटीवाल्याकडं बघून एवढंच म्हणत, "बोट उचल बा, हा सूर आमचा आम्ही लावतो."