वकील नेमताना

साताऱ्यात चारभिंतीकडे फिरायला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना रंगो बापूजी गुप्ते ठाऊक आहेत. १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, तेव्हा महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी त्यांचे वकील, म्हणजे दूत, म्हणून विलायतेला गेले आणि सुमारे १४ वर्षं तिथं भांडत राहिले. १८४७ साली महाराज काशीला वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. ज्यांनी पाठवलं तेच राहिले नाहीत, तरी वकिलानं काम सोडलं नाही. राजदूत निवडताना असा माणूस ओळखायचा कसा?

आपली नेहमीची वाट परीक्षेची. यूपीएससी, मग परराष्ट्र सेवा, मसुरी-दिल्लीतलं प्रशिक्षण आणि एक परकी भाषा सक्तीची. माण तालुक्यातला माझा एक विद्यार्थी या वाटेनं गेला. सुट्टीला आला तेव्हा त्याची अरबीची वही आईनं हातात घेतली आणि म्हणाली, "हे उलटीकडून लिवलंय व्हय रं?" अलिफपासून गिरवत बसलेला हा मुलगा राजदूत होईपर्यंत वीस-पंचवीस वर्षं जातील. त्या वर्षांना पर्याय नाही, असं माझं मत आहे.

तरी दुसरी वाट, म्हणजे सेवेबाहेरचा माणूस थेट राजदूत नेमण्याची, सरसकट वाईट म्हणवत नाही. राधाकृष्णन मॉस्कोला गेले, १९७७ मध्ये कायदेपंडित नानी पालखीवाला वॉशिंग्टनला गेले. आणि आपल्या औंधचे अप्पासाहेब पंत! औंध संस्थानच्या राजांचा, पंतप्रतिनिधींचा हा मुलगा, कुठलीही परीक्षा न देता, १९४८ मध्ये भारताचा आयुक्त म्हणून नैरोबीला गेला. आफ्रिकी नेत्यांशी त्यांची जवळीक ब्रिटिशांना खुपली, इतकं त्यांनी ते काम मनापासून केलं. पुढे ते नॉर्वेतही राजदूत होते.

नॉर्वेचीच दुसरी गोष्ट सांगतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, पण सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते. निवडणुकीला पैसा देणाऱ्यांची नावं तिथं सर्रास येतात, देणगी हा निकष नसावा असं १९८० चा कायदा सांगत असूनही. २०१४ मध्ये नॉर्वेसाठी सुचवलेल्या एका उद्योजकानं सिनेटच्या समितीसमोर नॉर्वेच्या 'राष्ट्राध्यक्षां'चा उल्लेख केला. तिथं राजा आहे! बोभाटा झाला, आणि वर्षअखेरीस त्यानं माघार घेतली.

आपल्याकडे अशी सुनावणीच नाही. सरकार ठरवतं, यजमान देशाची संमती गुपचूप विचारली जाते. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार तो देश कारण न देता नाही म्हणू शकतो. मग राष्ट्रपतींच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन राजदूत निघतो. म्हणजे परक्या देशाला नकाराचा हक्क आहे, आणि आपल्या संसदेला साधा प्रश्न विचारायचाही नाही. हे मला फार सलतं. सेवेबाहेरचा माणूस जरूर नेमा. पण जाण्याआधी त्याला संसदेच्या समितीपुढे दोन तास बसवा, आणि त्या देशात राजा आहे की राष्ट्राध्यक्ष, इथपासून विचारा.