सही जुळेनाशी होण्याआधी

बँकेच्या काउंटरवरून पैसे काढायची स्लिप परत येते. सही जुळत नाही. आडनावातली वेलांटी गळून पडली आहे, शेवटचा फराटा अर्ध्यातच थांबलाय. याच शाखेतून आयुष्यभर पगार आणि नंतर पेन्शन काढणारे आजोबा स्लिपकडे नुसते बघत राहतात. शेजारी उभ्या लेकीला कळत नाही, समजवायचं कोणाला, बँकेला की वडिलांना.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसं. निदान झालं की घरचे तपासण्या आणि औषधांच्या मागे लागतात. कागदपत्रांचा विषय कोणी काढत नाही. ‘बाबा बसलेत समोर, आणि आत्ताच वाटण्यांची भाषा?’ पण हा विषय टाळण्यात जे महिने जातात, त्याच महिन्यांत बाबांना स्वतःचं म्हणणं सांगता येत असतं.

निदान झालं म्हणून सहीचा हक्क संपत नाही. 1872 चा करार कायदा एवढंच बघतो, की त्या वेळी माणसाला व्यवहार समजतोय का, आणि आपलं हित कशात आहे हे ठरवता येतंय का. सुरुवातीच्या टप्प्यात अनेकांना ते येतं. म्हणून आधी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांनाच विचारा. कुठली एफडी कुठे आहे, लॉकरची किल्ली कोणाकडे, पतसंस्थेच्या ठेवीची ती पावती, जी देव्हाऱ्यामागे घडी करून ठेवलेली असते.

मृत्युपत्रही याच काळात करून घ्यावं. साध्या कागदावर चालतं, स्टँप ड्युटी नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि तेही ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. त्या दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत असावं. ‘तेव्हा त्यांना काही कळतच नव्हतं,’ असं उद्या भावंडांपैकी कोणी म्हणालंच, तर हाच कागद कामी येतो.

बहुतेक घरं फसतात ती मुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी). ‘मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलंय, आता चिंता नाही.’ चिंता आहे. करार कायद्याच्या कलम 201 नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान हरपलं की मुखत्याराचा अधिकारही संपतो. इंग्लंडमध्ये त्यानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे ती सोय नाही. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. हे वकिलांनी अशिलाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

बँकेचं त्यामानाने सोपं. पेन्शनचं खातं पती-पत्नीच्या नावे, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून घ्यावं, म्हणजे दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने व्यवहार होतो. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनही देता येतो.

राहतं घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने (गिफ्ट डीड) करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. म्हणूनच घाई होते, आणि कधी कधी जबरदस्तीही. आईवडिलांचा सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. ती मोडली, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.

आणि यातलं काहीच वेळेत झालं नाही तर? 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाला मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमता येत असे. 2017 च्या नव्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, पैशांसाठी नाही. मग कुटुंबाला उच्च न्यायालय गाठावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा रुग्णांच्या पत्नीला, मुलांना पालक म्हणून नेमलं आहे. त्यासाठी वैद्यकीय अहवाल लागतात, मालमत्तेची यादी लागते, बाकीच्या वारसांचं म्हणणं लागतं. आदेश हाती येईपर्यंत रुग्णाच्या एकट्याच्या नावावरची एफडी मोडता येत नाही, घर विकता येत नाही, आणि रात्री सोबतीला येणाऱ्या मावशींचा पगार मात्र दर महिन्याच्या एक तारखेला द्यायचाच असतो.