सशाचं डोकं, 432 टाके

(पडद्यावर दोन हात, क्रोशाची सुई, फिकट गुलाबी सुती दोरा.)

सुरुवात सहा टाक्यांनी होते. दोऱ्याचा एक सैल वेढा, त्यात सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, आणि मोकळं टोक ओढलं की मधलं भोक मिटतं. दुसऱ्या फेऱ्यात प्रत्येक टाक्यात दोन घालायचे, म्हणजे 12. मग 18, 24, 30, 36. दर फेऱ्याला सहा वाढत राहिले की चकती सपाट राहते. वाढवणं थांबवलं की तिच्या कडा आपोआप वर वळायला लागतात. आता 36 टाक्यांचे आणखी सहा फेरे सरळ विणायचे आणि मग दर फेऱ्याला सहा कमी करत पुन्हा सहावर यायचं. बेरीज करून बघा: 432 टाके. आणि हे झालं खेळण्यातल्या सशाचं नुसतं डोकं. कान, धड, हात, पाय, शेपटी सगळं अजून व्हायचंय.

पुण्यातल्या या घरात बैठकीच्या खोलीचा एक कोपरा सुतानं भरलेला आहे. विणणाऱ्या बाईंना सोसायटीत सगळे काकूच म्हणतात. बोलताना त्यांची सुई थांबत नाही, पण फेरा संपत आला की त्या गप्प होतात, कारण मोजणी चुकली तर उसवावं लागतं. फेरा कुठून सुरू झाला ते कळावं म्हणून त्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवतात.

काकूंच्या हातात ही कला आली ती घरातूनच. मराठी घरांत बाळंतविडा असायचा: टोपडी, दुपटी, कुंच्या, झबली आणि लोकरीचे इवलेसे मोजे. मोजे चार सुयांवर, सुलट-उलट टाक्यांत. लग्न ठरलं की रुखवताची तयारी व्हायची. त्यात मॅटीवर, म्हणजे चौकोनी घरांच्या विणीच्या कापडावर, फुलीच्या टाक्यानं भरलेले पोपट, मोर, गणपती असायचे. काचेच्या चौकटीतला तसा एखादा पोपट तुमच्याही आजोळी भिंतीवर असेल.

तो पोपट दिसतो तितका सोपा नसतो. बारीक मॅटीवर एका इंचात 14 घरं येतात. दहा इंच बाय दहा इंचाची चौकट पूर्ण भरायची तर 19,600 फुल्या, आणि एका फुलीचे दोन तिरके टाके. दोरा सहा पदरी असतो, त्यातले दोनच पदर सुईत ओवायचे. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला झुकला पाहिजे, नाहीतर उजेडात भरतकाम डागाळल्यासारखं दिसतं. जुन्या बायका चौकट उलटी करून मागची बाजू बघायच्या. तिथं गाठी आणि लोंबणारे दोरे दिसले की काही न बोलता परत ठेवायच्या. काकूंनी भरलेली मॅटी आम्ही मुद्दाम उलटी करून चित्रित केली आहे. बघा.

हे सगळं द्यायला केलेलं काम होतं. त्याला किंमत लावायची वेळ कुणावर येत नव्हती. आता येते, आणि इथं काकूंची खरी परीक्षा असते.

(प्रदर्शनातलं टेबल. ससे, हत्ती, एक कासव.)

"काकू, एवढ्याशा सशाचे साडेचारशे?"

"हो बाळा. हातात घेऊन बघ ना."

प्रश्न विचारणारी मुलगी वाईट नाही. शेजारच्या मॉलमध्ये तिनं तसाच दिसणारा ससा निम्म्या किमतीत पाहिलेला असतो. तिला वाटतं, तो यंत्रावर झाला असेल. इथं थोडं थांबायला हवं. दोन सुयांचं विणकाम यंत्रावर जाऊन शतकं लोटली. विल्यम ली नावाच्या इंग्रजानं मोजे विणायचं यंत्र 1589 सालीच बनवलं होतं. स्वेटर आज लुधियानाच्या कारखान्यांतून ढिगानं येतात. क्रोशाचं तसं झालं नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रं काढतात, पण तिची वीण निराळी असते. एकाच आकडीनं, एका वेळी एक टाका ओढत जाणारं हे काम कारखान्यांत आजही हातानंच होतं. म्हणजे मॉलमधला तो ससासुद्धा कुणीतरी हातानंच विणलेला आहे. त्या डोक्यालाही शेकडो टाके पडले आहेत. तो स्वस्त आहे, कारण त्या हातांना कमी पैसे मिळाले.

मला हे कळल्यापासून स्वस्त क्रोशाचं खेळणं उचलताना विचार करावासा वाटतो.

आता साडेचारशेचा हिशोब. समजा दीडशे रुपये सूत, आतला फायबर आणि डोळ्यांचे. उरले तीनशे. ससा व्हायला आठ तास लागले तर तासाला 40 रुपयेही पडत नाहीत. प्रदर्शनाच्या टेबलाचं भाडं आणि रिक्षा त्यातूनच.

डोळ्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. प्लॅस्टिकच्या डोळ्यांना आतून वॉशर बसतं, तरी तीन वर्षांखालच्या मुलासाठी काकू ते वापरत नाहीत. काळ्या दोऱ्यानं डोळे भरतात. टाके घट्ट ओढतात, कारण वीण सैल पडली तर आतला फायबर बाहेर येतो आणि बाळाच्या तोंडात जातो. ससा आधी स्वतः ओढून, पिळून बघतात. या तपासणीचे पैसे त्या लावत नाहीत. लावायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळण्यांच्या बाबतीत सरकारी नियमही आहे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचा खर्च घरी विणणाऱ्या बाईला कसा झेपणार? म्हणून केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. विणून विकणाऱ्या कितीतरी बायकांना स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायचाच संकोच वाटतो. "आम्ही आपलं घरच्या घरी करतो," असं म्हणतात. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला या नोंदणीबद्दल जरूर सांगा.

(काकू दुपटं घडी करताहेत. फोन वाजतो.)

जुळ्यांचं बारसं आहे. दोन टोपडी, दोन दुपटी, दोन ससे. काकू विचारतात, बारसं कधी? उत्तर येतं, पुढच्या रविवारी.

"तेवढ्यात टोपडी होतील. सशांना महिना द्या. आणि दर आधी सांगते, मग ठरवा."