संगणकाचे कॅबिनेट : सुरुवात मागच्या भिंतीपासून

स्वतःचे कॅबिनेट बनवायला निघालेला माणूस बहुधा आधी त्याचे दर्शनी रूप रेखाटतो. काच कुठे असावी, कडा गोल ठेवाव्यात की चौकोनी, बटण वर असावे की समोर, हे सगळे ठरते आणि मग त्या रूपाच्या पोटात मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड कसे मावणार याची ओढाताण सुरू होते. माझा आग्रह याच्या उलट क्रमाचा आहे. कॅबिनेटची मागची भिंत आणि मदरबोर्ड ज्यावर बसतो तो पत्रा या दोहोंचे परस्परांशी असलेले नाते आधी पक्के करा. साऱ्या पेटीत अर्ध्या मिलिमीटरची चूकही जिथे महागात पडते अशी जागा तेवढीच आहे. उरलेल्या पेटीत तुम्हाला पुष्कळ मोकळीक मिळते.

या नात्याची मापे आपल्याला शोधून काढावी लागत नाहीत. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक आणले आणि मदरबोर्डचा आकार ३०५ × २४४ मि.मी. ठरला; व्हिया या कंपनीने २००१ मध्ये पुढे आणलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मि.मी.चा आहे, पण त्याची चार भोके एटीएक्सच्या भोकांशी जुळतात आणि मागच्या जोडण्यांची खिडकीही तीच राहते. ही खिडकी १५८.७५ × ४४.४५ मि.मी.ची असते आणि कार्डांच्या दोन शेजारच्या खाचांमधले अंतर २०.३२ मि.मी. असते. ही मापे मिलिमीटरमध्ये विचित्र वाटतात, कारण ती मुळात इंचांतली आहेत : सव्वासहा इंच, पावणेदोन इंच, शून्य दशांश आठ इंच. आराखडा काढताना ती सोयीसाठी पूर्णांकात आणण्याचा मोह टाळावा. वीस मिलिमीटर धरून सात खाचा आखल्या, तर पहिलीपासून सातवीपर्यंत जवळजवळ दोन मिलिमीटरची तूट साचते आणि शेवटचे कार्ड बसत नाही.

मिनी-आयटीएक्सच्या बाबतीत एक सापळा सांगून ठेवतो. त्याची चार भोके चौकोनाच्या चार कोपऱ्यांत आहेत असे पाहताना वाटते, पण त्यांतले एक २२.८६ मि.मी.ने आत सरकलेले आहे. म्हणून आराखडा कागदावर एकास एक प्रमाणात छापावा, त्यावर खराखुरा बोर्ड ठेवावा, प्रत्येक भोकातून कागद दिसतो की नाही हे पाहावे आणि मगच पत्र्याला हात लावावा. बोर्ड ज्या खुंट्यांवर टेकतो ते स्टँडऑफ साधारण साडेसहा मिलिमीटर उंचीचे असतात. बोर्डात भोक नाही अशा जागी चुकून एखादा जास्तीचा स्टँडऑफ राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या झाळकामाला टेकून शॉर्ट सर्किट करू शकतो.

मागच्या भिंतीच्या जाडीकडेही लक्ष हवे. मदरबोर्डबरोबर येणारी पातळ पत्र्याची जाळी, म्हणजे आयओ शील्ड, खिडकीत दाबून बसवायची असते आणि तिच्यासाठी मानकाने भिंतीची जाडी ०.९४ ते १.३२ मि.मी. अशी सांगितली आहे. मजबुतीच्या हौसेने दोन मिलिमीटरचे ॲल्युमिनियम घेतले, तर शील्ड अडकत नाही, वायर जोडताना आत ढकलली जाते. आजच्या अनेक बोर्डांवर शील्ड आधीच जडवलेली असते, तिथे हा प्रश्न उरत नाही.

मागची भिंत ठरली की पेटीचे आकारमान आपोआप पुढे येऊ लागते. एटीएक्स पॉवर सप्लाय १५० मि.मी. रुंद व ८६ मि.मी. उंच असतो आणि त्याची खोली सहसा १४० मि.मी.पासून सुरू होते. एसएफएक्स या लहान जातीचा पॉवर सप्लाय १२५ × ६३.५ × १०० मि.मी.चा असतो. पण नवशिक्याला अडचणीत आणतात त्या वस्तू नव्हेत, त्यांच्या वायरी. ग्राफिक्स कार्डाची जाडी आणि लांबी सगळे मोजतात. त्याच्या वरच्या कडेतून निघणारा विजेचा प्लग आणि त्यापुढे वायरीला वळायला लागणारी जागा मात्र आराखड्यात राहून जाते. बारा व्होल्टच्या नव्या सोळा पिनांच्या प्लगपासून निदान ३५ मि.मी.पर्यंत वायर सरळ ठेवावी असे सांगितले जाते. म्हणजे तेवढी रुंदी पेटीला द्यावी लागणारच. यासाठी संगणकावरच्या चित्रावर विसंबू नये. जाड पुठ्ठ्याची पूर्ण आकाराची पेटी करावी, तीत खरे भाग ठेवावेत, खऱ्या वायरी ओढून पाहाव्यात आणि स्क्रू ड्रायव्हर धरलेला हात प्रत्येक स्क्रूपर्यंत पोहोचतो का तेही पाहावे. पुठ्ठ्यावर घालवलेल्या एका संध्याकाळीइतका लाभ या सगळ्या कामात मला दुसऱ्या कशानेच झालेला नाही.

आता हवेकडे वळतो. इथे अंदाजापेक्षा साधे गणित अधिक उपयोगी पडते. एक घनमीटर हवा एका अंश सेल्सिअसने तापायला साधारण १२०० ज्यूल उष्णता लागते. पेटीतले भाग मिळून ४०० वॅट उष्णता सोडत असतील आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दहा अंशांपेक्षा जास्त गरम नसावी अशी आपली इच्छा असेल, तर दर सेकंदाला सुमारे ३३ लिटर, म्हणजे तासाला १२० घनमीटर हवा पेटीतून जायला हवी. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा हा पंखा मोकळ्यावर फिरत असतानाचा असतो. जाळी, धूळ-गाळणी आणि वायरींचा गुंता यांतून वाट काढताना तो बराच खाली येतो. त्यामुळे मी आधी पंख्यांची संख्या मोजत नाही, वाट किती मोकळी आहे ते मोजतो.

जाळीचेच पाहा. तीन मिलिमीटर व्यासाची भोके पाच मिलिमीटर अंतरावर एकाआड एक ओळींत पाडली, तर पत्र्याचा जेमतेम तेहतीस टक्के भाग उघडा होतो. पाच मिलिमीटरची भोके सहा मिलिमीटर अंतरावर घेतली, तर तोच आकडा त्रेसष्ट टक्क्यांवर जातो. लांबून दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात, पण पंख्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समोरची बाजू सपाट आणि बंद ठेवायची असेल, तरीही मार्ग आहे. १२० मि.मी.च्या पंख्याची पाती जेवढ्या जागेतून हवा ओढतात तेवढे क्षेत्रफळ त्याच्या चार कडांभोवतीच्या फटीला मिळावे, यासाठी पंखा आणि बंद पत्रा यांत सुमारे १९ मि.मी. अंतर लागते, आणि तेही फट चारही बाजूंनी खुली असेल तर. गरम हवा वर जाते म्हणून पंखे वरच असावेत, असा आग्रह अनेकजण धरतात; परंतु एवढ्याशा उंचीत हवेचा हा नैसर्गिक ओढा पंख्याच्या जोरापुढे अगदीच क्षीण असतो. हवा कोणत्या भागावरून आणि किती सरळ रेषेत जाते, हे कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे. ॲल्युमिनियमची पेटी स्वतःच संगणक थंड ठेवते, ही समजूतही मनातून काढावी, कारण तापणारा भाग पत्र्याला घट्ट चिकटवलेला नसेल तर उष्णता बाहेर नेण्याचे जवळजवळ सगळे काम हवाच करते.

साहित्य निवडताना म्हणूनच मी उष्णतेपेक्षा वाकवणे, आटे आणि कड यांचा विचार करतो. ५०५२ जातीचे ॲल्युमिनियम न चिरता वाकते, तर ६०६१-टी६ घट्ट वळणावर चिरते. अॅक्रिलिक लेझरने सुंदर कापले जाते, मात्र कडेला लागून पाडलेल्या भोकात स्क्रू आवळला की तडकते. पीव्हीसीचा पत्रा लेझरखाली कधीही घालू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो माणसाला आणि यंत्राला दोघांनाही घातक आहे. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात एम-३, म्हणजे तीन मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचे जेमतेम तीन आटे बसतात, म्हणून जिथे स्क्रू वारंवार काढायचा असेल तिथे पत्र्यात दाबून बसणारा नट वापरावा. शिवाय मदरबोर्ड आणि कार्डांसाठी बहुधा वापरला जाणारा सहा-बत्तीस हा इंची स्क्रू सुमारे साडेतीन मिलिमीटर जाड असतो आणि एम-३शी त्याची अदलाबदल होत नाही.

वाकवण्याविषयी मी माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती टाळता येण्यासारखी होती. पहिल्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डचा पत्रा आणि मागची भिंत मी एकाच तुकड्यातून वाकवली. सपाट तुकड्याची लांबी काढताना दोन्ही बाजूंची बाहेरची मापे सरळ बेरीज करून घेतली आणि वाकवण्याची रेघ त्यांच्या सांध्यावर मारली. पण पत्रा वळणावर ताणला जातो. दीड मिलिमीटरचा पत्रा दीड मिलिमीटर त्रिज्येने काटकोनात वाकवताना त्या बेरजेतून साधारण २.७ मि.मी. वजा करावे लागतात. मी ते केले नाही आणि दोन्ही बाजू प्रत्येकी सव्वा मिलिमीटरहून थोड्या अधिकच वाढल्या. पॉवर सप्लाय बसला, बोर्डही बसला, पण ग्राफिक्स कार्ड खाचेत तिरके राहिले आणि त्याचा स्क्रू लागेना. कानस घेऊन भोके लांबट करण्यात दोन दिवस गेले आणि शेवटी तो तुकडा टाकून द्यावा लागला. तेव्हापासून त्याच पत्र्याची एक पट्टी आधी त्याच यंत्रावर वाकवून घेतो, व्हर्नियरने मोजतो आणि वजावट त्या मापावरून ठरवतो.

सुरक्षिततेच्या एका बाबतीत मात्र तडजोड नको. पॉवर सप्लायचे धातूचे आवरण विजेच्या अर्थिंगला जोडलेले असते आणि बाकीची पेटी त्याच्या स्क्रूंमार्फत अर्थ होते. पावडर कोटिंग आणि ॲनोडायझिंग हे दोन्ही थर वीज वाहू देत नाहीत. तेव्हा स्क्रूच्या डोक्याखालचा आणि पॅनेलांच्या सांध्यांवरचा रंग खरवडून धातू उघडा करावा. वायर भिंतीतून काढून ठेवलेली असताना तिच्या प्लगची अर्थ पिन आणि प्रत्येक पॅनेल यांतला रोध मल्टिमीटरने पाहावा. तो एका ओहमच्या आत असायला हवा. पेटी लाकडाची किंवा अॅक्रिलिकची असेल, तर हाताला लागणाऱ्या प्रत्येक धातूच्या भागाला वेगळी अर्थ वायर द्यावी. जागा वाचवण्यासाठी पॉवर सप्लायचे खोके उघडण्याचा विचारही करू नये, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो.

रंग सगळ्यांत शेवटी द्यावा. कापणे, कडा घासणे, आटे पाडणे, वाकवणे आणि मग कोऱ्या पत्र्याच्या पेटीत संगणक पूर्ण जोडून अर्धा तास पूर्ण भारावर चालवणे, असा क्रम मी ठेवतो. एकदा बाजूचे पॅनेल उघडे ठेवून तापमान टिपावे, मग ते बंद करून पुन्हा टिपावे. दोन्ही आकड्यांत दोन-तीन अंशांचाच फरक असेल, तर वाट पुरेशी मोकळी आहे. फरक दहा अंशांचा असेल, तर आणखी पंखा विकत घेण्याआधी जाळीची भोके मोठी करावीत, गाळणी काढून पाहावी, आडव्या आलेल्या वायरी बाजूला बांधाव्यात आणि पुन्हा मोजावे. पत्रा अजून रंगवलेला नसतो, त्यामुळे हे सारे निर्धास्तपणे करता येते.