बावन्न-चोपन्न

(फोंडा येथील एका ग्रंथालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, आधी एक जुनं प्रकरण सांगून टाकतो. 1988 साली आमच्या गावच्या पोस्टात माझ्याबद्दल असा समज पसरला होता की हा गणिताचा मास्तर मटका लावतो, आणि तोही परदेशी.

कारण असं की मला महिन्याकाठी युगोस्लाव्हियाहून एक कार्ड यायचं. त्यावर तारीख, माझं नाव, आणि चौकटीत फक्त चार आकडे. माझं उत्तरही चार आकड्यांचं. माझं पहिलं कार्ड होतं 5254. काउंटरवरच्या गृहस्थांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "मास्तर, बावन्न आणि चोपन्न. ह्यातली आज कुठली जोडी?"

मी त्यांना पट काढून दाखवला. बुद्धिबळाच्या पटावर आठ उभ्या ओळी आणि आठ आडव्या. डावीकडून मोजलं की राजासमोरचं प्यादं पाचव्या उभ्या ओळीत, दुसऱ्या आडव्या ओळीत असतं. म्हणजे ते उभं आहे 52 वर. दोन घरं पुढे सरकलं की 54 वर. झाली चाल: बावन्नवरून चोपन्नवर. ना इंग्रजी लागत, ना सर्बियन, ना मराठी. डाकेने बुद्धिबळ खेळणारे जगभरचे लोक हीच आकड्यांची भाषा वापरत. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी 54 लावला. लागला नाही. पुढे वर्षभर ते माझ्याशी जरा तुटक वागत.

आजचा विषय संयोजकांनी पत्रिकेत "दोन विद्यापीठांचा आंतरराष्ट्रीय वार्षिक सामना" असा छापलाय. भारदस्त आहे. पण मला त्यातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे 'वार्षिक'. परदेशी संघाशी एकदा खेळणं फारसं अवघड नाही. पुढच्या वर्षी पुन्हा खेळणं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, जेव्हा पहिल्या वर्षाचा एकही मुलगा संघात उरलेला नसतो, ते अवघड. विद्यापीठाचा संघ नदीसारखा असतो, पाणी दरवर्षी वेगळं. मग टिकतं काय?

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचा बुद्धिबळाचा सामना 1873 साली सुरू झाला. वल्ह्यांची शर्यत त्याहून जुनी, 1829 ची. तिला नदीकाठी गर्दी जमते, इकडे आठ जण विरुद्ध आठ जण, एक बंद खोली आणि घड्याळांची टिकटिक. तरीही दीडशे वर्षं उलटून गेली. 1978 पासून हा सामना लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबात होतो. गंमत बघा, मोटारगाड्यांचा क्लब, आणि तिथे लोक पाच-पाच तास जागचे हलत नाहीत.

पण हे झालं एका देशातलं. विद्यापीठांचा बुद्धिबळ सामना समुद्र ओलांडून गेला तो 1899 साली. एका बाजूला ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचा एकत्र संघ, दुसऱ्या बाजूला कोलंबिया, हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि येल यांचा. मुलं बोटीने गेली नाहीत. ती आपापल्या देशातच बसली आणि अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेतून चाली गेल्या-आल्या.

ही कल्पना त्या मुलांची नव्हे. तार आणि बुद्धिबळ जवळजवळ जुळी भावंडं आहेत. मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू केली मे 1844 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच तारेवर बुद्धिबळाचे डाव झाले! नवं यंत्र हाती आलं की माणूस आधी खेळून बघतो. 1897 साली तर ब्रिटनचे खासदार आणि अमेरिकेचे लोकप्रतिनिधी केबलवरून पाच पटांवर खेळले. निकाल अडीच-अडीच, बरोबरी. दोन देशांच्या लोकप्रतिनिधींनी इतक्या समजुतीने काही निकालात काढल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

आता तारेवरचा सामना चालायचा कसा? ही गोष्ट मला फार आवडते. तुम्ही लंडनमध्ये पटासमोर बसलात. समोरची खुर्ची रिकामी, किंवा तिथे एक माणूस आहे, पण तो प्रतिस्पर्धी नव्हे. न्यूयॉर्कहून आलेली चाल तो फक्त पटावर करतो. तुम्ही चाल खेळता, निरोप्या कागद घेऊन तारवाल्याकडे जातो, तारवाला ती पाठवतो, पलीकडे कोणीतरी उतरवून घेतो, दुसरा निरोप्या पटाकडे जातो. एका चालीमागे किती हात! दोन्ही ठिकाणी परक्या बाजूचा एक पंच बसलेला असे. लंडनमध्ये अमेरिकेचा, अमेरिकेत इंग्लंडचा. आणि रात्र झाली, वेळ संपली, तर अपुरे राहिलेले डाव एखाद्या जाणत्या खेळाडूपुढे ठेवायचे. तो बघून सांगणार: हा जिंकलेला, हा बरोबरीत. खेळाडूंनी ते मान्य करायचं.

यातला निरोप्या चुकला तर? मी अनुभवाने सांगतो, चुकतो. नव्वदीच्या दशकात आम्ही दोन-तीन मास्तरांनी उत्साहाच्या भरात गोव्यातलं एक कॉलेज आणि घाटावरचं एक कॉलेज यांचा टेलिफोनवरून सामना जमवला होता. नावं सांगत नाही, सगळी मंडळी अजून भेटतात. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरायचे, म्हणून सामना जेवणानंतर. त्या काळचा फोन, त्यात पाऊस. आम्ही उभ्या ओळींना आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरं वापरायचं ठरवलं, मुलांना सवय होती म्हणून. ही आमची घोडचूक. बी, सी, डी, ई, जी ही सगळी अक्षरं खरखरणाऱ्या फोनवर एकाच आईची लेकरं. आमच्या मुलाने प्यादं डी-पाचवर नेलं, पलीकडे ते बी-पाचवर गेलं. त्या पटावर तीही चाल नियमात बसत होती, म्हणून कोणालाच संशय आला नाही. सहा चालींनंतर पलीकडून विचारणा झाली, "तुमचा उंट आमच्या प्याद्यातून कसा आला हो?" दोन्हीकडे दोन वेगवेगळे डाव चालले होते, आणि विशेष म्हणजे दोन्ही आमच्याच बाजूने वाईट होते. मग आम्ही "डोंगरातला डी, बटाट्यातला बी" असं ओरडून डाव पुन्हा मांडला.

सामना पहाटे दोनला संपला. मुलं खूश. पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी एका कॉलेजात प्राचार्य बदलले, दुसऱ्याने विचारलं, पाहुणे कोण येणार आणि वर्तमानपत्रात फोटो येणार का. फोनवरच्या सामन्याचा फोटो कसला काढणार? संपलं. एका वर्षाचा वार्षिक सामना. चूक आमचीही होती. पहिल्या रात्री फोन ठेवण्याआधी पुढची तारीख ठरवायला हवी होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजवाल्यांचं बुद्धिबळ आपल्यापेक्षा फार थोर आहे असं मी म्हणणार नाही, पण सामना झाल्यावर पुढचा सामना होणार की नाही हा प्रश्नही तिथे कोणी काढत नाही. आपल्याकडे गणपतीची चवथ ठरवावी लागते का? ती येतेच.

आता इंटरनेटच्या काळात या. अमेरिकेत डलास शहरालगत टेक्सास विद्यापीठाची एक शाखा आहे. तिथे नव्वदीच्या दशकात बुद्धिबळाचा विभागच उभा राहिला. फुटबॉलपटूला द्यावी तशी बुद्धिबळपटूला शिष्यवृत्ती. या विद्यापीठाने दरवर्षीच्या सामन्यासाठी जोडीदार निवडला तो बेलग्रेड विद्यापीठ. आणि निवड अगदी नेमकी. बेलग्रेड, जुन्या युगोस्लाव्हियाची राजधानी, ही बुद्धिबळाची पंढरी. 1970 साली सोव्हिएत संघ विरुद्ध उरलेलं सगळं जग असा सामना झाला तो तिथेच. सोव्हिएत संघ जिंकला, पण साडेवीस-साडेएकोणीस, म्हणजे एका गुणाने. आणि 1966 पासून तिथून 'इन्फॉर्मेटर' निघतो, निवडक डावांचा संग्रह, ज्यात कित्येक वर्षं शब्दच नसत. सगळ्या टिपा चिन्हांत. उद्गारचिन्ह म्हणजे छान चाल, प्रश्नचिन्ह म्हणजे चूक, छोटा चौकोन म्हणजे 'ही एकच चाल होती, दुसरा मार्ग नव्हता'. सुरुवातीच्या चालींना पाचशे खाने केलेत, ए शून्य-शून्यपासून ई नव्व्याण्णवपर्यंत. फोंड्यातला मुलगा आणि मॉस्कोतला मुलगा तेच पान वाचू शकतात.

डलास आणि बेलग्रेडमध्ये सात तासांचा फरक. डलासला सकाळचा चहा, बेलग्रेडला दुपार कलली. पण आजची खरी अडचण वेळेची नाही, विश्वासाची आहे. माझ्या काळी पलीकडचा खेळाडू पुस्तकं उघडून बसलाय हे मला माहीत होतं, मीही बसायचो, डाकेच्या बुद्धिबळात ते चालतं. आज खिशातल्या फोनमधला प्रोग्राम जगज्जेत्याला हरवतो. म्हणून नेटवरच्या सामन्यातही खेळाडूंना एका खोलीत बसवतात, पंच ठेवतात, कॅमेरे लावतात. 1899 च्या त्या परक्या पंचाची खुर्ची पुन्हा मांडावी लागली! यंत्र कितीही पुढे गेलं तरी.

आणि तार तुटते ती तुटतेच. 2020 च्या ऑगस्टमध्ये नेटवरच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडची अंतिम फेरी भारत आणि रशिया यांच्यात होती. मध्येच जगभर इंटरनेटची गडबड झाली, आपले दोन खेळाडू, निहाल सरीन आणि दिव्या देशमुख, पटावरून बाहेर फेकले गेले, घड्याळ चालत राहिलं. शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. त्याच स्पर्धेत आधी आर्मेनियाने भारताविरुद्ध कनेक्शन तुटल्याच्या वादावरून माघार घेतली होती. आपला फोनवरचा डी आणि बी मला तेव्हा आठवला.

गोव्यात या खेळाला आता चांगले दिवस आहेत. अनुराग म्हामल, लिऑन मेंडोंसा हे आपले ग्रँडमास्टर, भक्ती कुलकर्णी अर्जुन पुरस्काराची मानकरी. 2002 साली पणजीत जागतिक ज्युनियर स्पर्धा झाली तेव्हा जिंकला होता लेव्हॉन अरोनियन. 2025 च्या नोव्हेंबरात हडफड्याला विश्वचषक झाला, 206 खेळाडू, आणि जिंकला उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा सिंदारोव्ह. मी एक दिवस गेलो होतो. बाहेर पोरं सह्यांसाठी वह्या घेऊन उभी होती, एकाकडे वहीच नव्हती, त्याने पटाची मागची बाजू पुढे केली.

हे सगळं ठीक. पण विश्वचषक येतो आणि जातो. मला हवाय तो छोटा सामना. ताळगावच्या पठारावर आपलं विद्यापीठ आहे. त्याने एक परदेशी विद्यापीठ गाठावं, पोर्तुगालमधल्या कोइंब्रासारखं. पोर्तुगाल आणि बुद्धिबळ हे नातं तसं जुनं आहे. आल्बुकर्कने गोवा घेतला 1510 ला, आणि दोनच वर्षांनी, 1512 मध्ये, दामियानो नावाच्या पोर्तुगीज औषधविक्याचं बुद्धिबळावरचं पुस्तक रोममध्ये छापलं गेलं. त्याने एक बचाव 'हा खेळू नका' म्हणून सांगितला होता, जगाने त्याच बचावाला दामियानोचं नाव दिलं. असं होतं. हिवाळ्यात तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेपाच तासांचं अंतर. आपल्याकडे दुपारचे चार, तिथे सकाळचे साडेदहा. कोणाचीही झोपमोड नाही. चार पट, दोन पंच, एक शनिवार. पाहुणे नकोत, टी-शर्ट नकोत. फक्त उठण्याआधी पुढच्या वर्षीची तारीख फळ्यावर लिहायची.

प्रश्न आलाय की माझ्या कार्डांचं काय झालं. सांगतो. माझा प्रतिस्पर्धी बेलग्रेडला इंजिनिअरिंग शिकत होता. डाव सुरू झाला तेव्हा तिसऱ्या वर्षाला, पंचविसाव्या चालीपर्यंत नोकरीला लागला. नियम असा की दहा चालींना तीस दिवस विचाराला, पोस्टाचे दिवस त्यात धरायचे नाहीत. त्यामुळे एक डाव तीन-तीन वर्षं. टपालखर्च वाचवायला आम्ही जोडचाली लिहायचो: "तू हे खेळलास तर मी ते." चालींशेजारी एखादी ओळ असे. एकदा त्याने विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडतो का. मी लिहिलं, नाही, काजू पडतात.

1991 च्या जूनमध्ये मी एकतिसावी चाल पाठवली, 4147. हत्ती सातव्या ओळीत. तोवर वर्तमानपत्रात युगोस्लाव्हिया फुटत असल्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या. उत्तर आलं नाही. मी दोनदा पुन्हा तीच चाल पाठवली, रिवाजाप्रमाणे. पोस्टातले गृहस्थ आता मला आपणहून विचारायचे, "आलं काय?" ते निवृत्त झाले त्या दिवशीही विचारलं.

ते कार्ड आज सोबत आणलंय, बघा, हे फिरवा सगळीकडे. डाव घरच्या कपाटात अजून मांडून ठेवलाय. कोणाची बाजू वरचढ होती म्हणता? माझा हत्ती सातव्या ओळीत होता खरा, पण त्याचं एक प्यादं जास्त होतं.