मतपत्रिका नेमकी कुणाला दाखवायची?

मित्रहो, युजेबिलिटी टेस्टचा, म्हणजे एखादी वस्तू किंवा ॲप लोकांना वापरता येतं का हे त्यांच्याकडून वापरून घेऊन बघण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो कॅमेरा कुठे लावायचा आणि सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हा. ते आठवड्याभरात शिकता येतं. समोर कुणाला बसवायचं आणि तो माणूस बसल्यावर आपण काय बघायचं, हे मात्र वर्षानुवर्षं काम केलेल्यांकडूनही चुकतं. म्हणून आज त्यावरच बोलतो, आणि त्यासाठी एका मतपत्रिकेची हकिकत जरा सविस्तर सांगतो.

७ नोव्हेंबर २०००, अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत निवृत्त लोकांची वस्ती मोठी. तिथल्या निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर यांच्यापुढे अडचण अशी, की उमेदवार दहा. सगळे एका पानावर घ्यायचे तर अक्षर बारीक होणार. वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून त्यांनी अक्षर मोठं ठेवलं आणि नावं समोरासमोरच्या दोन पानांवर वाटली. मत द्यायची छिद्रं मात्र मधोमध, एकाच रांगेत. डाव्या पानावर पहिलं नाव रिपब्लिकन पक्षाचे बुश यांचं, दुसरं डेमोक्रॅटिक पक्षाचे गोर यांचं. उजव्या पानावर पहिलं नाव छोट्या रिफॉर्म पक्षाचे ब्युकॅनन यांचं, किंचित खाली सरकवलेलं. त्यामुळे रांगेतलं पहिलं छिद्र बुश यांचं, दुसरं ब्युकॅनन यांचं आणि तिसरं गोर यांचं झालं. डावं पान वरून खाली वाचत आलेल्या माणसाला गोर दुसरे दिसतात, आणि त्याचा हात सरळ दुसऱ्या छिद्राकडे जातो.

बाईंचा हेतू चांगला होता, हे मी ठामपणे सांगेन. त्यांनी मतदाराचं वय लक्षात घेतलं होतं. नमुना मतपत्रिका आधी छापूनही झाली होती आणि दोन्ही पक्षांच्या माणसांनी ती पाहिली होती. कुणी हरकत घेतली नाही. कशी घेणार? पक्षाचा माणूस मतपत्रिका तपासतो तेव्हा आपल्या उमेदवाराचं नाव आहे का, स्पेलिंग बरोबर आहे का, हे बघतो. मागे रांग उभी असताना हातात टोकदार काडी घेऊन छिद्र पाडणारा ऐंशी वर्षांचा मतदार त्या तपासणीत कुठेच नव्हता.

निकाल लागला तेव्हा त्या काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४००हून जास्त मतं होती. यातली बरीच मतं आपली नसावीत, असं ते स्वतः टीव्हीवर म्हणाले. १९ हजारांवर मतपत्रिकांवर अध्यक्षपदासाठी एकापेक्षा जास्त छिद्रं होती, त्यामुळे ती मतं बाद झाली. आणि अख्ख्या राज्याचा, पर्यायाने देशाचा निकाल लागला ५३७ मतांनी. टपालाने मत देणाऱ्यांची पत्रिका दोन पानांची नव्हती. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या दोन गटांची तुलना केली. टपाली मतांत ब्युकॅनन यांचा वाटा कितीतरी कमी निघाला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या दोन हजारांहून अधिक मतदारांचं मत चुकून ब्युकॅनन यांना गेलं, असा निष्कर्ष त्यांनी २००१ मध्ये मांडला.

आता आपल्या धंद्यातला प्रश्न. ही मतपत्रिका आधी पाच जणांकडून वापरून घेतली असती, तर दोष सापडला असता का?

चाचणीला पाच जण पुरतात, हा आकडा तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला आहे. निल्सन आणि लँडॉवर या युजेबिलिटीच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के. पण ही सरासरी आहे, आणि हा आकडा लोक तिथपर्यंतच वाचतात. पाम बीचमध्ये साडेचार लाखांवर लोकांनी मतदान केलं. बाद मतं धरली तर ढोबळमानाने शंभरातले चार चुकले. मग पाचही जण बिनचूक मत देऊन घरी जाण्याची शक्यता किती? ८० टक्क्यांहून जास्त. एक तरी चूक डोळ्यांसमोर घडावी अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ७५ माणसं बसवावी लागतील.

तरीही मी म्हणेन की त्या पाच जणांनी ती मतपत्रिका वाचवली असती. अट एवढीच, की बघणाऱ्याने फक्त चुका मोजायच्या नाहीत. माणूस बरोबर मत देतो, पण देण्याआधी त्याची काडी दुसऱ्या छिद्रावर थबकते, नजर उजवीकडे जाते, परत डावीकडे येते, बोट नावाकडून छिद्राकडे जाणाऱ्या बाणावरून फिरतं. शंभरात चार चुकत असतील, तर अडखळणारे त्याहून कितीतरी जास्त असणार. निवडणुकीनंतर लगेच कॅनडात एका विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी एकपानी आणि दोन पानी नमुन्यांचा प्रयोग केला. दोन पानी नमुना जास्त गोंधळाचा वाटतो, असं विद्यार्थ्यांनी सांगितलं. मॉलमधल्या सामान्य लोकांकडून मतं घेतली तेव्हा ज्या मोजक्या चुका झाल्या, त्या दोन पानी नमुन्यावरच झाल्या. अडखळणं दिसलं की दोष तिथेच सापडला. आकडेवारी नंतर जमवता येते.

आता आपल्याकडे येऊ. दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ या केंद्र सरकारच्या सेवेमार्फत डिजिटल देता येतो आणि २०२१ पासून चेहरा ओळखूनही. समजा, अशाच कामासाठी तुम्ही एखादं ॲप बनवताय. चाचणीला कुणाला बोलवाल? ‘वय साठच्या पुढे, स्मार्टफोन आहे’ एवढ्यावर निवड केलीत तर निवृत्त प्राध्यापक येतील, कारण फोन केल्यावर पटकन हो म्हणणारे तेच असतात. त्यापेक्षा विचारा : गेल्या वर्षीचा दाखला कसा दिला? कुणी भरून दिला? फोनवर शेवटचे पैसे कुणाला पाठवले, स्वतः की नातवाकडून? माणूस काय करतो यावरून निवडा. आणि दाखला सूनबाई भरून देत असतील, तर सासरे आणि सूनबाई दोघांनाही एकत्र बोलवा. खरी वापरणारी ती जोडी आहे. येण्याजाण्याचं भाडं आणि मानधन द्या. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होत असेल तर तोही भरून द्या. हे पैसे अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

काम देताना बटणावरचे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ‘प्रमाणपत्र तयार करा, हे शोधा’ म्हणालात की ती नुसती शब्द जुळवायची परीक्षा होते. ‘नोव्हेंबर लागलाय, बँकेत न जाता पेन्शन चालू राहील असं करा’ असं सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणं हे यातलं सगळ्यात कठीण कौशल्य आहे. आपल्याकडे पाहुण्याला अडलेलं बघवत नाही. समोरच्यालाही तुमचं मन मोडवत नाही, म्हणून दहा मिनिटं धडपडून तो म्हणतो, ‘छान आहे हो, सोपं आहे.’ सुरुवातीलाच सांगा, ‘हे मी बनवलेलं नाही, आणि अडलं तर दोष ॲपचा.’ त्याने विचारलं, ‘हे दाबू का?’ तर म्हणा, ‘घरी असता तर काय केलं असतं?’

एका पेन्शनच्या ॲपची चाचणी चालू होती. ओटीपी आला, आजी तो बघायला मेसेजमध्ये गेल्या आणि परत आल्या तर ॲप पहिल्या पानावर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, सहा आकडे तळहातावर लिहिले, ओटीपी भरला आणि काम पूर्ण केलं. तक्त्यात ‘यशस्वी’ अशी नोंद झाली असती. शेजारच्या खोलीत पडद्यावर बघणाऱ्या प्रोग्रामरने त्याच संध्याकाळी ती दुरुस्ती हाती घेतली. लिहिलेला अहवाल त्याने कदाचित महिन्याने वाचला असता.

म्हणून बनवणाऱ्यांना बघायला बसवा आणि त्यांच्या हातात वही द्या. ‘गोंधळल्या’ असं लिहायचं नाही. ‘मागे जा दोनदा दाबलं, मग चष्मा काढून पुसला’ असं लिहायचं. अर्थ सत्र संपल्यावर सगळ्यांनी मिळून लावायचा.

आणि पंधरा जणांचे पैसे मिळाले तर पंधरा जण एका दमात संपवू नका. पाच जण बोलवा, जे दिसलं ते दुरुस्त करा, पुढचे पाच दुसऱ्या गावातले, शक्यतो तालुक्याच्या ठिकाणचे घ्या. तिसऱ्या फेरीत असे लोक बोलवा, ज्यांना पहिल्या फेरीत ‘हे आपले ग्राहक नव्हेत’ म्हणून कुणीतरी यादीतून काढलं होतं.