हिस्ट्रीच्या एमएसाठी घर गहाण ठेवायचं का?

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत इथे. टीवायची मुलं दिसतायत, पालक पण बरेच आलेत, त्यामुळे सरळ मुद्द्यावरच येते. सरांनी मला विषय दिला होता आर्ट्सला भवितव्य आहे का, मी म्हटलं सर त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतंच, मला कर्जावर बोलू द्या. कारण आपल्याकडे बीएला कर्ज लागत नाही, अनुदानित कॉलेजची फी काही हजारात बसते. कर्ज येतं पुढे, फॉरेनच्या एमएला, नाहीतर प्रायव्हेट युनिव्हर्सिटीतल्या लिबरल आर्ट्सला, जिथे वर्षाला काही लाख मोजावे लागतात.

मी 2014 ला इंग्लंडला गेले, हिस्ट्रीचं एमए, एक वर्षाचा कोर्स, 20 लाखाचं लोन. साडेसात लाखाच्या वर गेलं की बँका साधारण तारण मागतात, आमचं तारण म्हणजे कराडचं घर. वडील प्राथमिक शिक्षक, आयुष्यभर पैसे साठवून दोन खोल्या आणि वर एक खोली बांधलेली, तेच घर. ज्या एजंटकडे गेलो होतो तो म्हणाला तिथे वर्षभर नोकरी केली की सगळं फिटतं बघा. हे नाही सांगितलं की कोर्सनंतर राहून नोकरी करायचा व्हिसा ब्रिटनने 2012 मधेच बंद केला होता आणि माझ्या हातात कोर्सनंतर फक्त चार महिने असणार होते. तो व्हिसा 2021 ला परत सुरू झाला, दोन वर्षांचा, आणि आता 1 जानेवारी 2027 पासून जे अर्ज करतील त्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. अमेरिकेत तर सरळच फरक आहे, शिक्षणानंतर काम करायला सगळ्यांना 12 महिने मिळतात आणि सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना वर अजून 24, हिस्ट्री-लिटरेचरवाल्यांना ते 24 नाहीत. म्हणजे कर्ज दोघांचं सारखं असलं तरी डॉलरमध्ये कमवायला वेळ एकाला तीन वर्षं आणि एकाला एक.

मी परत आले. मग सुरू झालं तासिका तत्त्वावर शिकवणं, ते काय असतं हे इथल्या सरांना सांगायला नको, जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि बिल कधी निघेल याची खात्री नाही. पण हप्ता पाच तारखेला जायचाच. वडील सहा-सात तारखेला बँकेत जाऊन पासबुक छापून आणायचे, मला एका शब्दाने बोलायचे नाहीत, पासबुक टीव्हीच्या बाजूला ठेवायचे आणि जेवायला बसायचे. ते रिटायर झाले तेव्हा ग्रॅच्युइटीतला मोठा भाग त्या खात्यात भरला. मला आजही कोणी विचारलं की डिग्री वर्थ होती का, तर माझ्या डोळ्यासमोर आधी ते पासबुक येतं.

थांबा, फळ्यावर आकडे मांडते, कारण हे बँकेत कोणी नीट मांडून दाखवत नाही. धरा 20 लाख, 11 टक्के व्याज, एक वर्षाचा कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं नसतं हां, दोन वर्षांचं सरळव्याज 4 लाख 40 हजार मुद्दलात मिळवलं जातं. आता 24 लाख 40 हजार, 15 वर्षं. हप्ता येतो 27,700 च्या आसपास आणि शेवटी तुम्ही भरता जवळजवळ 50 लाख. काका, तुम्ही मान हलवताय, घरी जाऊन कुठल्याही ईएमआय कॅल्क्युलेटरवर टाकून बघा. आणि टॅक्समध्ये शैक्षणिक कर्जाला जी सूट म्हणतात ती फक्त व्याजावर, फक्त आठ वर्षं, आणि नव्या टॅक्स पद्धतीत ती पण नाही.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तिकडे हॉस्टेलच्या किचनमध्ये एक लीड्सची मुलगी होती, माझ्याच कोर्सला, बीएचं कर्ज तिच्याही डोक्यावर होतं, पण ती निवांत चहा पीत बसायची. मी विचारलं तुला टेन्शन येत नाही का. तिने समजावलं की तिकडच्या सरकारी लोनला, पगार एका मर्यादेच्या वर गेला तर वरच्या रकमेच्या 9 टक्के कापतात, पगार कमी असेल तर काहीच नाही, आणि 25 वर्षांनी राहिलेलं माफ. तिच्या आईवडिलांची कुठेच सही नव्हती. पुढे 2012 पासूनच्या मुलांना फी वर्षाला 9,000 पौंडांपर्यंत गेली आणि माफीला 30 वर्षं झाली, 2023 पासून नव्या मुलांना 40 वर्षं, तेही बिघडतच चाललंय, पण मूळ रचना तीच, कमाई असेल तर भरा. आपल्याकडे रचना अशी की कमाई असो नसो, तारीख आली की भरा, नाहीतर घर. ज्या शिक्षणातून पैसा हळूहळू आणि वेडावाकडा येतो त्याला ही रचना मारून टाकते. आर्ट्सची पोरं आळशी असतात म्हणून बुडत नाहीत हो, पाच तारखेला बुडतात.

बाबासाहेबांचं उदाहरण आपण नेहमी देतो, शिका म्हणाले, बरोबर आहे, पण पैसे कुठून आले ते पण सांगत जाऊया. 1913 ला सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप दिली, तीन वर्षांसाठी, बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. कोलंबियाला अर्थशास्त्र मुख्य, सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. 1917 ला करार पाळायला बडोद्याला गेले तर जातीमुळे राहायला जागा मिळेना, सोडून यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून 5,000 रुपये उसने घेतले आणि 1920 ला परत लंडन गाठलं. म्हणजे जोखीम उचलली संस्थानाने, राजाने, मित्राने. आणि तरीही इकडे रमाईंनी जे सोसलं ते सोसलंच. इतक्या मोठ्या माणसाच्या शिक्षणाचा भार पण घरातल्या बाईवर आला, हे मला फार लागतं.

आता शिक्षणाचं मोल. ते मला कमी वाटत नाही, अजिबात नाही. 2023 च्या शेवटाला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम राज्यभर सुरू झालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं सगळ्या जिल्ह्यांत शोधावी लागली. मीही बसले होते. गाव नमुना 14, कोतवाल बुक, पिवळी पानं हात लावला की कडेने तुटतात, आधी ओळभर एक रेघ ओढलेली आणि अक्षरं त्या रेघेला लटकलेली, आणि नाव-जातीच्या रकान्यात कुठे नुसतं कु. समोर एक आजोबा बसलेले, त्यांच्या पणजोबांचं नाव मी वाचून दाखवलं तर म्हणाले, परत एकदा वाच पोरी. हे काम इतिहास शिकल्याशिवाय होत नाही. कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, कोण त्यात आलंच नाही, हे विचारायची सवय मला त्या एमएने लावली, खोटं कशाला बोलू. पण मोडी शिकले ती इथे, एका साध्या वर्गात, आणि त्याची फी माझ्या एका हप्त्याच्या दहाव्या भागाएवढी पण नव्हती.

ऑस्ट्रेलियाने 2021 पासून आर्ट्सची फी दुपटीच्या वर नेली, पोरांनी दुसरीकडे वळावं म्हणून, आणि पोरं फारशी वळलीच नाहीत, ज्याला इतिहास करायचा त्याने केलाच, फक्त कर्ज जास्त झालं. त्यामुळे मी तुम्हाला विषय सोडा म्हणणार नाही. बीए इथेच करा, एमए इथल्या विद्यापीठात करा, कमवा आणि शिका मधे काम करा, ती योजना कर्मवीर अण्णांची, आपल्याच मातीतली. बाहेर जायचं असेल तर स्कॉलरशिपवर. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे, ब्रिटन सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप आहे, तिला 2,800 तास कामाचा अनुभव लागतो म्हणजे आधी दोनेक वर्षं नोकरी करावीच लागते. देशातल्या निवडक संस्थांत शिकायला 2024 च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळतं, तिथे आधी चौकशी करा.

हो, विचार ना. ऑफर लेटर आलंय, डिपॉझिटची शेवटची तारीख शुक्रवार, आणि पप्पा सोमवारी बँकेत सही करणार आहेत, असं म्हणतेयस ना. डिपॉझिट अजून भरलं नाहीयेस? मग आज भरू नकोस. रात्री युनिव्हर्सिटीला मेल टाक की मला एक वर्ष डेफर करून द्या, म्हणजे प्रवेश पुढच्या वर्षावर ढकला, बऱ्याच ठिकाणी देतात, नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो. आणि पप्पांना घेऊन ये इथे, फळा मी पुसत नाही, आकडे त्यांना मीच समजावून सांगते.